विज्ञान प्रदर्शनासाठी पवनचक्की करताना: पहिल्यांदाच उतरणाऱ्या गटांसाठी मार्गदर्शन

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पवनचक्की नाही असं वर्ष सहसा जात नाही. हिरव्या रंगाचा डोंगर, त्यावर पांढरी चक्की, समोर टेबल फॅन आणि फॅन लावला की पेटणारा लाल एलईडी. मुलांनी रात्री जागून केलेलं असतं, रंगकाम सुबक असतं. मग परीक्षक विचारतात, "यातून वीज किती मिळते?" आणि गट एकमेकांकडे बघायला लागतो.

या "किती"चं उत्तर ज्या गटाकडे असतं, तो गट उठून दिसतो. त्यासाठी महागडं सामान लागत नाही. एक मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र), चार-पाच रोध (रेझिस्टर), एक वही आणि साधारण दोन महिन्यांची चिकाटी पुरते. पुढचं सगळं सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या शिक्षक-पालकांसाठी आहे. पवनचक्की आधी कधीच केली नसेल असं धरून लिहिलं आहे.

आधी परिपत्रक वाचा

शाळेत आलेलं यंदाचं परिपत्रक शिक्षकांकडून मागून घ्या आणि गटातल्या सगळ्यांनी ते स्वतः वाचा. विषय-उपविषय, गटात किती मुलं चालतात, टेबलाचं माप, वीजजोडणी मिळणार की नाही, अहवाल किती पानांचा हवा, हे सगळं त्यात असतं आणि ते दरवर्षी बदलू शकतं.

आपल्याकडे मुख्य वाट म्हणजे शाळा, तालुका, जिल्हा, राज्य आणि शेवटी एनसीईआरटीची (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची) राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनी. तिथल्या मूल्यांकनात मुलांच्या स्वतःच्या कल्पकतेला सर्वात जास्त, म्हणजे २० टक्के वजन आहे. नावीन्य, वैज्ञानिक विचार, कारागिरी आणि समाजाला होणारा उपयोग यांना प्रत्येकी १५ टक्के. कमी खर्च, टिकाऊपणा, ने-आण करण्याची सोय यांना १० आणि सादरीकरणाला १०. या आकड्यांवरून वेळेची वाटणी करता येते. डोंगर रंगवण्यात आठवडा घालवला तर तो फार थोड्या गुणांसाठी घालवला असं होतं.

'इन्स्पायर मानक' ही केंद्र सरकारची योजना वेगळी आहे. तिथे आधी कल्पना पाठवायची असते आणि निवड झाली तर प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत प्रतिकृतीपेक्षा आपल्या गावातल्या प्रश्नाचा अभ्यास महत्त्वाचा असतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं 'किडविंड' या स्पर्धेत उतरतात. तिथे मुलांनी केलेली चक्की वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तिने दिलेली ऊर्जा मोजतात, शिवाय परीक्षकांसमोर आराखडा समजावून सांगावा लागतो. वाट कुठलीही असली तरी खालची तयारी बहुतेक सारखीच.

मग एक प्रश्न ठरवा

"पवन ऊर्जा" हा विषय झाला. प्रकल्पाला प्रश्न लागतो, आणि तो असा हवा की त्याचं उत्तर तुमच्या टेबलावर मोजता येईल. काही उदाहरणं देतो:

पात्यांचा कोन बदलला तर मिळणारी शक्ती कशी बदलते? तीन पाती बरी की सहा? पात्यांवर धूळ किंवा किडे चिकटून पृष्ठभाग खरखरीत झाला तर किती नुकसान होतं? एका चक्कीच्या मागे दुसरी किती अंतरावर ठेवावी? उभ्या अक्षाची चक्की आणि आडव्या अक्षाची चक्की एकाच वाऱ्यात किती वीज देतात?

पहिल्याच वर्षी उतरत असाल तर कोनाचा प्रश्न घ्या, असं मी सांगेन. चक्की एकच लागते, बदल सोपा असतो आणि फरक डोळ्यांना दिसेल इतका मोठा येतो. धुळीचा प्रश्न मला सर्वात जास्त आवडतो, कारण तो थेट आपल्या पठारांवरच्या चक्क्यांशी जोडलेला आहे. पण त्यातला फरक लहान असतो, त्यामुळे मोजमाप पक्कं झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

एक सापळा मात्र टाळा. चालत्या गाडीच्या टपावर पवनचक्की लावून फुकट वीज मिळवायची, ही कल्पना दर प्रदर्शनात कोणीतरी आणतंच. गाडीपुढचा तो वारा गाडीच्या इंजिनानेच निर्माण केलेला असतो. चक्की लावली की हवेचा विरोध वाढतो, तेवढं पेट्रोल जास्त जळतं, आणि मिळालेली वीज त्या जादा पेट्रोलपेक्षा नेहमी कमीच भरते. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम नववीत शिकतो, तो इथे लावायचा. फॅनसमोर चक्की ठेवून त्याच विजेवर फॅन चालवायची कल्पनाही याच कारणाने फसते.

वाऱ्याचं गणित

हे एकदा हाताने सोडवा, म्हणजे पुढच्या प्रत्येक निर्णयाला आधार मिळतो. वाऱ्यातली शक्ती म्हणजे हवेची घनता, पात्यांनी व्यापलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि वाऱ्याच्या वेगाचा घन यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग.

तुमच्या रोटरचा, म्हणजे पात्यांसकट फिरणाऱ्या भागाचा, व्यास ४० सेंमी धरू. त्रिज्या ०.२ मीटर, क्षेत्रफळ साधारण ०.१२६ चौरस मीटर. हवेची घनता सोयीसाठी १.२ किलो प्रति घनमीटर घ्या. पुण्या-साताऱ्याच्या उंचीवर ती १.१ च्या जवळ असते. वारा सेकंदाला ४ मीटर असेल तर उत्तर येतं सुमारे ४.८ वॉट. वारा ३ मीटर असेल तर जेमतेम २ वॉट आणि ६ मीटर असेल तर १६ वॉटच्या वर. वेग दुप्पट, शक्ती आठपट. हा घन तोंडपाठ हवा, परीक्षक बहुतेक इथूनच सुरुवात करतात.

यातली सगळी शक्ती काढता येत नाही. हवा पात्यांजवळ पूर्ण थांबली तर मागून येणाऱ्या हवेला वाटच उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिलं की कितीही चांगली चक्की असली तरी वाऱ्यातल्या शक्तीचा १६/२७ भाग, म्हणजे ५९.३ टक्के, ही वरची मर्यादा आहे. तुमच्या ४.८ वॉटमधून फार तर २.८ वॉट. प्रत्यक्षात लहान पाती, मोटरमधलं घर्षण आणि तारांतला व्यय धरून शाळेच्या प्रतिकृतीत दोन-पाच टक्के आले तरी लाजण्यासारखं काही नाही. तो आकडा माहीत असणं आणि बाकीची शक्ती कुठे गेली हे सांगता येणं, यालाच गुण असतात.

जनित्र: मोटर निवडताना

डीसी मोटरला वीज दिली की ती फिरते. तिला फिरवलं की ती वीज देते. म्हणून प्रतिकृतीत मोटरच जनित्र म्हणून वापरतात. कुठली मोटर घ्यायची, इथे नवे गट हमखास अडतात.

खेळण्यातल्या छोट्या मोटरचं उदाहरण घ्या. ६ व्होल्टवर ती मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेते असं समजू. उलट वापरताना व्होल्ट फेऱ्यांच्या प्रमाणात मिळतात. तुमचा ४० सेंमीचा रोटर ४ मीटरच्या वाऱ्यात, पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या चौपट धरला तर, मिनिटाला साधारण ७६० फेरे घेईल. म्हणजे हाती आले अर्धा व्होल्टसुद्धा नाहीत. लाल एलईडीला २ व्होल्टच्या आसपास लागतात, पांढऱ्याला ३. चक्की छान फिरते पण दिवा लागत नाही, त्याचं कारण हे.

यावर दोन उपाय. एक, मोठ्या आणि छोट्या पुलीला रबरी पट्टा लावून मोटरचे फेरे पाच-सहापट वाढवा. दोन, जास्त व्होल्ट आणि कमी फेरे असं लिहिलेली मोटर शोधा. मी दुसरा उपाय आधी करून बघायला सांगेन, कारण प्रत्येक पुली घर्षण वाढवते. पिवळ्या गिअरची रोबोटवाली मोटर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. आतल्या गिअरमुळे ती उलट फिरवायला जड जाते आणि हलक्या वाऱ्यात चक्की सुरूच होत नाही.

जुन्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर कमी फेऱ्यांतही चांगले व्होल्ट देते. मात्र ती एसी (दिशा बदलत राहणारी वीज) देते, त्यामुळे तिची डीसी करायला चार डायोडचा ब्रिज लावावा लागतो. साध्या १एन४००७ डायोडच्या ब्रिजमध्ये जवळजवळ दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. १एन५८१९ हे शॉट्की डायोड वापरलेत तर ही गळती बरीच कमी होते. कूलरची पट्टी हलवणारी सिंक्रोनस मोटरही काही जण वापरतात. ती झटका बसण्याइतके व्होल्ट देऊ शकते, म्हणून शिक्षक जवळ असल्याशिवाय तिला हात लावू नका.

दुकानात गेलात की मोटरचा दांडा बोटांनी फिरवून बघा. हलका, न अडखळता फिरला पाहिजे. शक्य असेल तर दोन-तीन मोटरी आणा, प्रत्येक मोटर त्याच ड्रिल मशीनला त्याच वेगाने फिरवून मल्टिमीटरवर व्होल्ट वाचा आणि लिहून ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत असल्या वस्तू सुट्या मिळतात. गावाकडे टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जुन्या मशीनच्या मोटरी पडलेल्या असतात, नीट विचारलं तर बहुतेक लोक आनंदाने देतात.

पाती

अमेरिकेत क्लीव्हलंड इथे चार्ल्स ब्रश यांनी १८८८ च्या सुमारास घरामागे एक चक्की उभारली होती. रोटर १७ मीटरचा, पाती १४४, आणि वीज मिळायची १२ किलोवॉट. पुढे १८९० च्या दशकात डेन्मार्कच्या आस्कोव गावातले शिक्षक पोल ला कूर यांनी वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून दाखवलं की वीज तयार करायची असेल तर कमी पाती आणि जास्त वेग हेच फायद्याचं. जास्त पाती म्हणजे जोर जास्त पण फेरे कमी. विहिरीचं पाणी उपसायला तो जोर कामाचा, जनित्राला मात्र फेरे हवेत. परीक्षकांनी "तीनच पाती का?" विचारलं तर ही गोष्ट सांगा आणि सोबत तुमच्या स्वतःच्या मोजणीचे आकडे दाखवा.

पात्यांसाठी ३ मिमीचा सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड), नालीदार पुठ्ठा किंवा पीव्हीसी पाइप चालतो. ११० मिमीचा पाइप उभा सहा भागांत कापला तर पावणेसहा सेंमी रुंदीच्या, आधीच बाक असलेल्या पट्ट्या मिळतात. त्या टोकाकडे निमुळत्या करायच्या. पाइपची पाती मजबूत असतात पण जड, त्यामुळे टेबल फॅनच्या वाऱ्यात पहिली चाचणी सनबोर्डने करा आणि आकार ठरल्यावर पाइपकडे वळा. पाइप कापण्याचं काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करा. वाऱ्याला आधी भेटणारी कड थोडी गोलसर आणि मागची कड पातळ ठेवा. हे पॉलिश पेपरने घासून करता येतं.

कोनाबद्दल नीट समजून घ्या. पातं ज्या प्रतलात फिरतं त्या प्रतलाशी त्याचा कोन मोजायचा. नवीन गट बहुतेक ४५ अंशांवर पातं बसवतात, कारण तसं ते लगेच फिरायला लागतं. सुरुवात सोपी होते, पण वेग वाढत नाही. १० ते १५ अंशांपासून सुरू करा आणि ५, १०, १५, २०, ३० असे सगळे कोन तपासा. त्यासाठी पात्याला बांबूची गोल काडी चिकटवून ती लाकडी चकतीच्या भोकात घट्ट पण फिरवता येईल अशी बसवायची. पुठ्ठ्याचे त्या-त्या कोनाचे त्रिकोण कापून ठेवलेत तर प्रत्येक पातं सारख्याच कोनावर लावता येतं. कंपासपेटीतल्या कोनमापकाने दरवेळी मोजत बसण्यापेक्षा हे बरंच अचूक होतं.

पुढच्या पायरीवर पातं पिळदार करा: मुळाशी २०-२५ अंश, टोकाला ५ च्या आसपास. टोक मुळापेक्षा कितीतरी वेगाने फिरतं, म्हणून त्याला वारा वेगळ्या दिशेने येतो असं जाणवतं. खऱ्या चक्क्यांची पातीही याच कारणाने पिळदार असतात.

तोल बघायला विसरू नका. रोटर आडव्या सुईवर टांगा. दरवेळी तेच पातं खाली येत असेल तर ते जड आहे. त्याला थोडं घासा किंवा समोरच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावा. तोल नसलेली चक्की थरथरते, घर्षण वाढतं आणि आकडे प्रत्येक वेळी वेगळे येतात.

सारखा वारा मिळवणं

टेबल फॅनचा वारा गोल फिरत येतो, मध्ये कमी आणि कडेला जास्त असतो. नेहमीच्या टेबल फॅनच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ४०० मिमी असतो, म्हणून रोटर त्याहून मोठा करू नका. जास्त मोठा केला तर पात्यांची टोकं शांत हवेत जातात आणि ब्रेकसारखी काम करतात.

वारा सरळ करायला वर्तमानपत्राच्या ३ सेंमी व्यासाच्या, २० सेंमी लांबीच्या नळकांड्या गुंडाळा आणि ४० बाय ४० सेंमीच्या खोक्यात दाटीने भरा. साधारण पावणेदोनशे लागतात. संध्याकाळी सगळा गट बसला की होऊन जातं. हे खोकं फॅनसमोर ठेवलं की गोल फिरणारा वारा बराच सरळ होतो. फॅन, खोकं आणि चक्की यांच्या जागा जमिनीवर खडूने आखून ठेवा. फॅनची जाळी कधीही काढू नका.

वाऱ्याचा वेग मोजायला छोटं डिजिटल यंत्र मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर टेबल टेनिसचा चेंडू घ्या. नेहमीचा ४० मिमीचा, २.७ ग्रॅमचा. बारीक दोऱ्याने तो कोनमापकाच्या मध्यबिंदूपासून टांगा आणि चेंडू पूर्णपणे वाऱ्यात राहील असा धरा. दोरा उभ्या रेषेपासून किती अंश ढळला ते वाचा. ६-७ अंश म्हणजे सेकंदाला सुमारे ३ मीटर, १२ अंश म्हणजे ४, १८ अंश म्हणजे ५ आणि २५ अंश म्हणजे ६ मीटर. दहावीच्या मुलांनी सूत्र लावावं: कोनाच्या टॅनचं वर्गमूळ काढून त्याला ८.८ ने गुणा. चेंडूवरचा वाऱ्याचा जोर आणि त्याचं वजन यांच्या समतोलातून हे सूत्र निघतं. ते स्वतः सोडवून अहवालात घातलंत तर वैज्ञानिक विचाराचे गुण तिथेच मिळायला लागतात. चेंडू हलत राहतो, म्हणून पाच वेळा वाचून सरासरी घ्या. रोटरच्या जागी मध्यभागी, वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असे पाच बिंदू मोजा. चक्की बसवण्याआधी मोजायचं, नंतर नाही.

शक्ती मोजणं

आता या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग. मल्टिमीटरच्या दोन तारा थेट मोटरला लावून "३.६ व्होल्ट आले" असं लिहिलं, तर शक्ती किती हे काहीच सांगितलं नाही. कारण तेव्हा विद्युतधारा जवळपास वाहतच नाही. व्होल्ट आहेत, पण काम शून्य. चक्कीला काहीतरी काम द्यायला हवं, आणि ते काम म्हणजे रोध.

१०, २२, ४७ आणि १०० ओहमचे, अर्ध्या किंवा एक वॉटचे रोध आणा. एकेक रोध मोटरच्या दोन टोकांना जोडा आणि त्या रोधाच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. मग शक्ती म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. धारा वेगळी मोजायची गरजच पडत नाही, त्यामुळे मल्टिमीटर चुकीच्या खोबणीत लावून आतला फ्यूज उडण्याचा धोकाही टळतो.

समजा असे आकडे आले: १० ओहमला ०.९ व्होल्ट, २२ ला १.५, ४७ ला २.२ आणि १०० ला २.८. शक्ती काढली तर अनुक्रमे ०.०८१, ०.१०२, ०.१०३ आणि ०.०७८ वॉट. व्होल्ट वाढतच गेले, पण शक्ती मध्येच कुठेतरी सर्वात जास्त झाली आणि पुन्हा उतरली. प्रत्येक जनित्राचा असा एक आवडता रोध असतो, आणि तो मोटरच्या आतल्या रोधाच्या आसपास किंवा थोडा वर सापडतो. वरच्या उदाहरणात २२ आणि ४७ च्या मध्ये ३३ ओहम लावून बघायला हवा. पुढच्या सगळ्या चाचण्या याच रोधावर करायच्या. पात्यांत मोठा बदल केलात तर रोध पुन्हा एकदा तपासा.

या उदाहरणातली ०.१०३ वॉट शक्ती ४.८ वॉटच्या तुलनेत दोन टक्क्यांच्या थोडी वर भरते. हेच ते "किती"चं उत्तर.

दर वेळी एकच गोष्ट बदला. कोन बदलत असाल तर पात्यांची संख्या, अंतर, फॅनचा वेग, रोध हे सगळं तसंच ठेवा. फॅन सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा, आकडा स्थिरावू द्या, मग वाचा. प्रत्येक मांडणीचे तीन आकडे घ्या आणि तिन्ही लिहा, फक्त सर्वात चांगला नको. दिवसाच्या शेवटी पहिली मांडणी पुन्हा लावून बघा. सकाळचा आकडा परत आला तर मोजमापावर भरवसा ठेवता येतो. आला नाही तर मधल्या वेळेत काहीतरी सैल झालंय, ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चाचणी करताना चष्मा किंवा गॉगल लावा आणि फिरत्या पात्यांच्या रेषेत, म्हणजे चक्कीच्या बाजूला, कोणीही उभं राहू नका. पातं सुटलं तर ते त्याच रेषेत उडतं.

वही

शंभर पानी साधी वही पुरे. तारीख, काय बदललं, काय तसंच ठेवलं, आकडे, आणि आज काय विचित्र वाटलं ते. पात्यांची चित्रं मापांसकट काढा. फसलेल्या चाचण्या खोडू नका, फाडू नका. ५ अंशांवर चक्की सुरूच झाली नाही, हेही निरीक्षण आहे आणि त्यामागे कारण आहे. पानं वापरलेली, डाग पडलेली असली तरी तीच वही टेबलावर ठेवा. मुलांनी काम स्वतः केलंय याचा याहून चांगला पुरावा नाही. कल्पकतेचे गुण देणारा परीक्षक ती उघडून बघतोच.

आलेख हाताने काढा: आडव्या अक्षावर कोन, उभ्या अक्षावर शक्ती. फलकावर मजकूर कमी आणि हा एक आलेख मोठा, दोन मीटरवरून वाचता येईल असा. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की पाती कापणं, मोजणं आणि आलेख काढणं यांत हात घालू नका. सामान आणायला, ड्रिल धरायला आणि सोल्डरिंगच्या वेळी जवळ बसायला मदत करा.

परीक्षकांसमोर

पाठ केलेलं भाषण म्हणू नका. तीन वाक्यांत प्रश्न, पद्धत आणि उत्तर सांगा आणि लगेच चक्की चालवून आकडा दाखवा. नंतरचं सगळं संभाषण. गटातल्या प्रत्येकाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आलं पाहिजे. "ते याला माहीत आहे" असं म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

"फॅन ५० वॉट खातो आणि तुम्ही ०.१ वॉट काढता, मग उपयोग काय?" हा प्रश्न ठरलेला आहे. फॅन हे वारा एकसारखा मिळवण्याचं साधन आहे, खऱ्या चक्कीला वारा निसर्ग देतो, हे शांतपणे सांगा. "वादळात काय होतं?" मोठ्या चक्क्या साधारण ३ मीटरच्या वाऱ्यात सुरू होतात आणि २५ मीटरच्या आसपास पाती वाऱ्याशी समांतर वळवून थांबवल्या जातात. "एलईडी सतत का जळत नाही?" वारा कमी-जास्त होतो, म्हणून साठवण किंवा इतर स्रोतांची जोड लागते.

महाराष्ट्राबद्दल विचारतातच. १९८६ मध्ये देशातल्या पहिल्या पवन प्रकल्पांपैकी एक रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभा राहिला, ५५ किलोवॉटच्या चक्क्यांचा. त्याच वर्षी गुजरातमध्ये ओखा आणि तमिळनाडूत तुतिकोरिन इथेही प्रकल्प झाले. आज एकेक नवी चक्की २-३ मेगावॉटची असते. साताऱ्यात चाळकेवाडी आणि पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, सांगलीत ढालगाव, धुळ्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल ही मोठी ठिकाणं. आपल्याकडे सर्वात जास्त वीज पावसाळ्यात मिळते, कारण नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढून या उघड्या पठारांवरून वेगाने जातात. शक्य असेल तर ठोसेघरच्या सहलीत चाळकेवाडीला थांबा. चक्क्यांमधलं अंतर, त्यांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत, किती थांबलेल्या आहेत हे वहीत टिपा. मागे-पुढे उभ्या असलेल्या चक्क्यांत व्यासाच्या पाच ते दहा पट अंतर ठेवतात, कारण पुढच्या चक्कीने मागचा वारा मंद आणि खवळलेला केलेला असतो. पठारावर उभं राहून हे डोळ्यांनी दिसतं.

माहीत नसलेला प्रश्न आला तर "हे आम्ही तपासलेलं नाही, पण असं तपासता येईल" असं म्हणा आणि कसं ते सांगा. परीक्षकांना हे उत्तर मनापासून आवडतं, कारण विज्ञानाची पद्धतच ती आहे.

आदल्या रात्री आणि त्या दिवशी

चक्की तीन भागांत सुटी होईल अशी करा: रोटर, खांब, तळ. रोटर पुठ्ठ्याच्या खोक्यात, पात्यांना आधार देऊन. सोबत पात्यांचा एक जादा संच, जादा मोटर, चिकटपट्टी, फेविक्विक, स्क्रू ड्रायव्हर, तारा, मल्टिमीटरचा नवा सेल, रोधांचा संच आणि लांब एक्स्टेन्शन बोर्ड. फॅन आपलाच न्या, कारण सगळे आकडे त्याच फॅनवर घेतलेले आहेत. हॉलमध्ये छताचे पंखे चालू असतील किंवा दारातून वारा येत असेल, म्हणून टेबल मिळाल्याबरोबर चक्की जोडा आणि एक मोजणी करून वहीशी ताडून बघा. फरक आला तर परीक्षकांना तो स्वतःहून दाखवा आणि कारण सांगा.

वीज गेली तर? एकाने पुठ्ठ्याने वारा घालावा, दुसऱ्याने मल्टिमीटर धरावा, आणि आलेखावर बोट ठेवून पुढे बोलत राहावं. घरी एकदा फॅन बंद ठेवून अशी तालीम करून ठेवा.

निकालानंतर, जिल्ह्यासाठी निवड झाली असो वा नसो, परीक्षकांना गाठून कमी काय पडलं ते विचारा आणि त्यांचं उत्तर त्याच वहीत, त्याच दिवसाच्या पानावर लिहा. पुढच्या फेरीपर्यंत हातात वेळ असतो. पिळदार पाती, ३३ ओहमचा रोध, धुळीचा प्रश्न, जे राहून गेलं असेल तिथून सुरू करा.